जळगाव–भुसावळ

पूर्व खानदेशातील शेजारशेजारची दोन शहरे. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, जिल्हा एक, स्वभाव दोन. जळगावचे नाव ठिबक सिंचन आणि केळीच्या टिश्यू (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेल्या) रोपांमुळे देशभर झाले. भुसावळ ओळखले जाते रेल्वेमुळे. जळगावचे तंत्र शिवारात रुजून मोठे झाले, भुसावळचे रुळांवरून आले.

जळगावच्या या ओळखीमागे प्रामुख्याने भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांचा उद्योग आहे. जामनेर तालुक्यातल्या वाकोदच्या या शेतकरीपुत्राने १९६३ मध्ये रॉकेलच्या व्यापारापासून सुरुवात केली. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा एक जुना कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन हे विकर काढायला घेतले. पुढे पीव्हीसी पाइप, मग ठिबक आणि ऊतिसंवर्धित रोपे. सोने, डाळमिल आणि चटई हे शहराचे इतर धंदे.

ठिबकचा परिणाम सर्वांत आधी दिसला तो बारे देण्यावर. रात्री वीज आली की फावडे घेऊन पाटाचे पाणी वाफ्यात वळवायचे, हे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, हक्काचे काम. त्याचे साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरे. आता व्हॉल्व्ह फिरवला की झाले; विद्राव्य खतही त्याच नळीतून मुळाशी जाते. रोपेही बदलली. कंद लावून केलेल्या केळीच्या बागेला कापणीपर्यंत दीड वर्षापर्यंत लागायचे. ग्रँड नैन वाणाच्या टिश्यू रोपांची बाग निगा चांगली असली तर वर्षाच्या आत-बाहेर कापणीला येते. मृगबाग आणि कांदेबाग हे लागवडीचे जुने हंगाम मात्र नावासकट टिकले आहेत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

या कौतुकाला दुसरी बाजू आहे. थेंबाथेंबाने पाणी वाचले, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी बागा उभ्या राहिल्या. सातपुड्याच्या पायथ्याचे यावल आणि रावेर हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी प्रसिद्ध आहेत. विहिरी गेल्या, बोअर आले, बोअरही खोल खोल जात राहिले. नळी पाण्याची उधळपट्टी थांबवते, हाव थांबवत नाही.

भुसावळची घडण निराळी. १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि इथून एक फाटा नागपूरकडे, दुसरा खंडव्याकडे गेला. आज हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय आहे. इंजिनांची शेड, आयुध निर्माणी, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र असा सगळा सरकारी कारभार. म्हणून वसाहतीत बदलीवर आलेली, देशभरची माणसे, आणि फलाटावरची हिंदी घराघरात. जळगावच्या आसपास कानावर पडते ती लेवा गणबोली, जवळच्याच आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचेच नाव दिले गेले. मुलगा ‘रेल्वेत लागला’ हे भुसावळात अजूनही पेढे वाटण्याचे निमित्त. जळगावकराला त्यापेक्षा स्वतःचे दुकान बरे वाटते. हिवाळ्यात बामणोदच्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी निघाली, की हा भेद कोणी पाळत नाही.

दोघांची खरी गाठ पडली ती केळीच्या वॅगनांत. सावदा, निंभोरा, रावेर या भुसावळ–खंडवा मार्गावरच्या स्थानकांवरून दिल्लीकडे घड रवाना होत; शेती एकाची, चाके दुसऱ्याची. पुढे बराच माल ट्रकांकडे वळला. भावाचा विषय निघाला की मात्र शेतकरी ना जळगावकडे बघतो ना भुसावळकडे. तो विचारतो, बुऱ्हाणपूरला आज काय निघाला? फारुकी सुलतानांची ही खानदेशची जुनी राजधानी आता मध्य प्रदेशात आहे, पण रावेरच्या व्यापाऱ्याशी घासाघीस करताना शेतकरी तिथल्याच लिलावाचा आकडा पुढे करतो.