अगोरा

अगोरा : प्राचीन ग्रीक नगरांतील सभा, न्यायदान, देवकार्य व बाजार यांचा मोकळा चौक. गोळा करणे या अर्थाच्या ‘आगेइरो’ या ग्रीक क्रियापदाशी या शब्दाचे नाते सर्वमान्य आहे. वाद आहे तो आद्य अर्थाचा. पुढे याच शब्दावरून विकत घेणे या अर्थाचे ‘अगोराझो’ हे क्रियापद रूढ झाल्याने बाजार हाच मूळ अर्थ असावा, असे वाटणे साहजिक आहे. इलियड व ओडिसी या ग्रीक महाकाव्यांचा कवी होमर याचा पुरावा मात्र याच्या उलट आहे. त्याच्या काव्यांत अगोरा म्हणजे लोकांची सभा किंवा ती भरण्याची जागा. खरेदी-विक्री तेथे नाही. वीर अकिलीझच्या ढालीवर कोरलेल्या अगोरात रक्तमूल्याचा (खुनाच्या भरपाईचा) तंटा चालला आहे (इलियड, सर्ग 18), तर राजा ओडिसियस गेल्यापासून त्याच्या इथाका बेटावर एकदाही सभा भरली नसल्याचे ओडिसीच्या दुसऱ्या सर्गात म्हटले आहे. त्याहून जुन्या रेखालिपी ‘ब’ (ग्रीक भाषेची आद्य ज्ञात लिपी) मधील मृत्तिकापट्टांवर ‘अ-को-रा’ हा शब्द जनावरांच्या कळपासाठी येतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा जमाव, मग सभा, मग सभास्थान व शेवटी बाजार हा अर्थक्रम अधिक ग्राह्य दिसतो.

अथेन्सचा प्रसिद्ध अगोरा ॲक्रॉपलिस या बालेकिल्ल्याच्या टेकडीच्या वायव्येस आहे. 1931 पासून तेथे अमेरिकन संस्थेने केलेल्या उत्खननात चौक होण्याआधीच्या काळातील थडगी व विहिरी सापडल्या. चौकाचा आरंभ पूर्वी अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याच्या काळात, इ. स. पू. सहाव्या शतकाच्या प्रारंभी मानला जाई; काही संशोधक तो इ. स. पू. 480–79 च्या इराणी विध्वंसानंतरचा धरतात. बारा देवांची वेदी (इ. स. पू. सु. 522) आणि ‘मी अगोराची सीमा आहे’ असे कोरलेल्या सीमाशिळा (इ. स. पू. सु. 500) पाहता इतके अलीकडे येण्याचे कारण दिसत नाही. याहून जुना एक अगोरा होता, हे प्राचीन उल्लेखांवरून कळते. ॲक्रॉपलिसच्या पूर्व उतारावर अग्लॉरस या पुराणकथेतील राजकन्येच्या देवस्थानाचा शिलालेख जागच्या जागी मिळाल्यापासून तो अगोरा पूर्वेस असावा, या मताला बळ आले आहे.

अथेन्सच्या नागरिकांची सभा पुढे जवळच्या नीक्स टेकडीवर भरू लागली. बाजारावर देखरेखीसाठी अगोरानोमोस हे अधिकारी असत, इ. स. पू. चौथ्या शतकात अथेन्स शहरात पाच व पिरीअस बंदरात पाच. तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने सभेचा व व्यापाराचा अगोरा वेगळा असावा, असे सुचवले. इ. स. 267 मधील हेरूली टोळ्यांच्या हल्ल्यात अथेन्सच्या अगोराची मोठी हानी झाली. पर्गममचा राजा दुसरा ॲटॅलस याचा स्टोआ (स्तंभयुक्त दालन) 1953–56 मध्ये पुन्हा उभारला असून तेथे उत्खननातील वस्तूंचे संग्रहालय आहे.