अश्वगंधेची झोप मुळात की पानात?

झोपेसाठी अश्वगंधा घेणारे चोखंदळ ग्राहक डबीवर एक आकडा हमखास बघतात: विथॅनोलाइड्स किती टक्के? स्टेरॉइडसारखी रचना असलेले हे पदार्थ म्हणजे या झुडपाची ओळखच. तेव्हा झोपही त्यांच्यामुळेच येत असणार, असं धरून चालणं साहजिक होतं.

जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तपासलं. २०१७ साली त्यांचा निबंध आला. त्यांनी अश्वगंधेच्या पानांचे दोन अर्क काढले, एक अल्कोहोलमध्ये आणि एक पाण्यात. विथॅनोलाइड्स उतरली ती अल्कोहोलमध्ये. अर्क उंदरांना पाजले आणि त्यांच्या मेंदूतल्या व स्नायूंतल्या विद्युतलहरी नोंदवल्या. नाहीतर उंदीर झोपलाय की नुसताच पडून आहे, हे कळायचं कसं? विथॅनोलाइड्सचा अर्क फोल ठरला. पाण्याच्या अर्काने मात्र उंदरांची संथ लहरींची, म्हणजे गाढ, झोप वाढली.

त्या पाण्यात होतं ट्रायएथिलीन ग्लायकॉल. अगदी साधा रेणू. नैसर्गिक वायूतली ओल काढायला कारखान्यांत हाच वापरतात! बाजारातून आणलेलं शुद्ध ट्रायएथिलीन ग्लायकॉल दिलं तरी उंदीर झोपले, आणि मात्रा वाढवली तशी झोपही वाढली. ‘वनस्पतीत केमिकल नसतं’ म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

गंमत पुढेच आहे. आपल्याकडे औषधात वापरतात ती मुळी. पानं वापरू नका, असं आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना बजावलंही आहे. मग मुळीच्या चूर्णाने झोप लागते ती कशाने? माणसांवरच्या पाच चाचण्यांचा, मिळून ४०० जणांचा, आढावा २०२१ मध्येच निघाला. त्यात फायदा दिसला, पण माफक. निद्रानाशाचं निदान झालेल्यांत, रोज अर्काची ६०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा घेतली तेव्हा, आणि किमान आठ आठवडे घेतली तेव्हा तो जास्त. अश्वगंधेने ताण कमी झाल्याचंही काही चाचण्यांत आढळलंय. मला तरी वाटतं, मुळी थेट झोप आणत नसावी. ताण उतरवत असावी, आणि झोप मागोमाग येत असावी. म्हणूनच इतके आठवडे लागत असतील.

थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, यकृताचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे चूर्ण घेऊ नये. गरोदरपणात तर नाहीच.