उंच घाटात सायकलचा टायर फुटतो का?

मनाली–लेह सायकलने करणाऱ्या प्रत्येक ग्रुपला हा सल्ला मिळतोच: "वर हवा विरळ असते, टायर फुटतील. निघण्याआधी निम्मी हवा काढा."

यातला अर्धा भाग खरा आहे. बाहेरचा दाब कमी झाला की टायरमधला दाब तुलनेने वाढतो. पण किती? मनाली सुमारे 2,050 मीटरवर. तिथे वातावरणाचा दाब साधारण 11.5 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच, दाबाचं एकक). याच रस्त्यावरची तंगलंग ला खिंड 5,300 मीटरच्या वर. तिथे तो साडेसातच्या आसपास. फरक चारचा. म्हणजे 60 पीएसआय भरलेला टायर वर 64 दाखवेल. तेही तापमान तेवढंच राहिलं तर. मनालीत 20 अंश आणि खिंडीत शून्य असेल, तर थंडीने जवळपास पाच पीएसआय उतरतात. हिशेब जवळजवळ फिटला!

हवा काढल्याने मात्र नुकसान नक्की. सामान लादलेल्या सायकलचा मऊ टायर दगडावर आपटला की ट्यूब रिमवर चेचते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. मग पाच हजार मीटरवर पंप मारत बसा. हवाच विरळ, त्यामुळे पंपाचे हातही जास्त मारावे लागतात.

खात्री करायची असेल तर टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा वाचा आणि त्याच्या थोडं खालीच भरा. मनालीत सकाळी दाब मोजायचं गेज लावा, खिंडीत पुन्हा लावा. रिम ब्रेक (चाकाच्या रिमवर घासून थांबवणारे, त्यामुळे रिम तापवणारे) असतील तर लांब उतारावर अधूनमधून थांबून रिम गार होऊ द्या. टायर फुटण्याची खरी भीती तिथे असते.