वाहन चालवणे : अर्थ आणि शब्दमूळ

वाहनाचा वेग व दिशा ताब्यात ठेवून ते रस्त्याने नेणे. मराठीत यासाठी मुख्य क्रियापदे दोन : हाकणे आणि चालवणे. 'हाकणे' आले 'हाक'वरून. शब्द कानावर पडला की बैल पाऊल उचलतो, म्हणून बैलगाडी हाकायची ती आधी तोंडाने. 'चालवणे' हे 'चालणे'चे प्रयोजक रूप, मूळ संस्कृत धातू 'चल्'. इंजिनाला हाक ऐकू येत नाही, तेव्हा मोटारीला हेच क्रियापद चिकटले. कारभार आणि संसाराचा गाडा मात्र आजही हाकलाच जातो. किनाऱ्यावर गलबतही 'हाकारतात'. इंग्रजी 'ड्राइव्ह'चा जुना अर्थ गुरे पुढे हाकणे हाच होता, त्यामुळे 'हाकणे' गावठी समजून टाकून देण्याचे काही कारण नाही.

'वाहन' शब्द 'वह्', म्हणजे वाहून नेणे, या धातूपासून झाला. 'सारथी' म्हणजे रथासोबत असणारा. 'शोफर' हा फ्रेंच शब्द. अर्थ तापवणारा, भट्टीत इंधन घालणारा.

गोव्यात या शब्दांत पोर्तुगीजची भर पडते. त्या भाषेत गाडी चालवणारा तो 'कोंदुतोर' आणि त्याचा परवाना 'कार्ता द कोंदुसांव'. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ सोबत घेऊन नेणे. त्याच मुळाचा 'कंडक्टर' इंग्रजीतून आला आणि बसमध्ये तिकिटाचे पैसे घेऊ लागला. १९६१ पूर्वीचे कागद मराठीत आणताना हा फरक सांभाळावाच लागतो, नाहीतर चालकाचा वाहक होतो. कोकणीत मात्र सरळ 'गाडी चलोवप'. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू धरली, तरी गोव्यात डावीच राहिली. सीमेपलीकडच्या ब्रिटिश हिंदुस्थानात वाहने डावीकडूनच जात.

गोव्याचा खास शब्द 'पायलट'. काळ्या-पिवळ्या मोटारसायकलवर मागे एक प्रवासी बसवून भाडे मारणारा तो पायलट. विमानाआधी हा शब्द जहाजावरचा होता आणि त्याचे मूळ ग्रीक 'पेदोन', म्हणजे सुकाणूचे वल्हे, येथवर जाते. नद्या-खाड्यांच्या मुलखाला तो शोभतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतही सुकाणू आहेच : दुसऱ्या मोटारीने ओढून नेलेल्या मोटारीत बसून जो फक्त दिशा सांभाळतो, तोही चालकच.