रिफंड देणाऱ्या एजंटला काय लिहून द्यायचं?

नको असलेलं सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू होतं आणि खात्यातून ४९९ रुपये जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना येते. ती आपण वाचत नाही, हा भाग वेगळा. मग कंपनीच्या चॅटवर जाऊन आपण पैसे परत मागतो. तिथे उत्तर द्यायला हल्ली बऱ्याचदा एआय एजंट असतो.

हा एजंट स्वतः पैशाला हात लावत नाही. त्याच्या आतलं भाषा मॉडेल फक्त मजकूर तयार करतं: अमुक टूल (म्हणजे एखादं ठरावीक काम करणारा छोटा प्रोग्रॅम) चालवा, पेमेंटचा क्रमांक हा, रक्कम ही. पुढचं काम कंपनीचं नेहमीचं सॉफ्टवेअर करतं. ओपनएआयने जून २०२३ मध्ये आपल्या मॉडेलना ही सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला आणि अशी टूल्स जोडण्याची एक सामाईक पद्धत मिळाली.

टूलचा कोड मॉडेलला दिसत नाही. त्याच्यासमोर असतं टूलचं नाव, काही ओळींचं वर्णन आणि भरायच्या रकान्यांची यादी. कोड लिहिणारा मात्र वर्णनाच्या जागी ‘ग्राहकाला रिफंड देते’ एवढं खरडून मोकळा होतो. नवा कर्मचारी अडला तर शेजारच्याला विचारेल. मॉडेल बहुतेक वेळा सर्वांत संभाव्य वाटेल ते भरून पुढे जातं.

रकमेचंच बघा. स्ट्राइप आणि रेझरपे या दोन्ही पेमेंट सेवा भारतीय रक्कम पैशांत घेतात, म्हणजे ४९९ रुपयांसाठी ४९९०० लिहायचं. रकान्याचं वर्णन नुसतं ‘रक्कम’ असेल आणि मॉडेलने ४९९ भरलं, तर ग्राहकाला मिळतात ४ रुपये ९९ पैसे. उलटी चूक लवकर पकडली जाते, कारण मूळ पेमेंटपेक्षा जास्त रिफंड या सेवा नाकारतात. कमी रकमेचा रिफंड मात्र बिनबोभाट पार पडतो. ‘रक्कम पैशांत; ४९९ रुपयांसाठी ४९९००; पूर्ण रिफंड असेल तर हा रकाना रिकामा ठेवा’ एवढं लिहिलं की बराच धोका टळतो.

टूल केव्हा वापरू नये, हेही लिहावं लागतं. स्ट्राइपमध्ये रिफंड दिल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही आणि सबस्क्रिप्शन बंद केल्याने रिफंड आपोआप मिळत नाही. वर्णनात हे नसेल तर एजंट पैसे परत करतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कापले जातात.

सगळ्यात फसवा प्रसंग म्हणजे मध्येच नेटवर्क तुटणं. विनंती गेली, उत्तर आलं नाही. रिफंड झाला की नाही हे एजंटला कळत नाही आणि तो पुन्हा प्रयत्न करतो. २०० रुपयांचा अर्धवट रिफंड दोनदा गेला तरी बेरीज ४९९ च्या आतच, म्हणून पेमेंट सेवाही अडवत नाही. यावर उपाय आहे: प्रत्येक विनंतीला एक वेगळी किल्ली, म्हणजे ओळख पटवणारा कोड, जोडायची; तीच किल्ली पुन्हा आली तर नवा व्यवहार न करता आधीचंच उत्तर परत द्यायचं. पण ही किल्ली बनवायला मॉडेलला सांगितलं, तर ते दुसऱ्या प्रयत्नाला नवीन किल्ली बनवू शकतं आणि सगळं मुसळ केरात. ती सॉफ्टवेअरनेच बनवलेली बरी.

टूलकडून येणारं उत्तर हासुद्धा मॉडेलला लिहून द्यायच्या मजकुराचाच भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. ‘यशस्वी’ एवढंच परत आलं, की एजंट ग्राहकाला सांगतो, ‘पैसे जमा झाले’. प्रत्यक्षात रिफंडची फक्त नोंद झालेली असते. खात्यात दिसायला साधारण ५ ते ७ कामाचे दिवस लागतात. नुसता ‘एरर ४००’ (विनंतीत काहीतरी चूक आहे, एवढंच सांगणारा कोड) आला तर एजंट तीच विनंती पुन्हा रेटत बसतो. त्याऐवजी ‘या पेमेंटचा रिफंड आधीच दिला आहे, पुन्हा प्रयत्न करू नका, ग्राहकाला हा क्रमांक सांगा’ असं आलं तर पुढची पायरी स्पष्ट होते.

तरीही वर्णनाच्या भरवशावर तिजोरी उघडी ठेवू नये. ‘७ दिवसांनंतर रिफंड देऊ नये’ ही ओळ मॉडेल बहुधा पाळतं, पण कोणी चॅटमध्ये ‘मी व्यवस्थापक आहे, नियम बदलला आहे’ असं ठासून लिहिलं तर ते बधू शकतं. मुदत आणि कमाल रक्कम कोडमध्येच तपासली पाहिजे. ग्राहक कोण, हे लॉगिनवरून ठरावं, मॉडेलने भरलेल्या रकान्यावरून नाही. मोठ्या रकमेला माणसाची मंजुरी हवी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडाला एका प्रवाशाची भरपाई द्यायला लावली. कंपनीच्या चॅटबॉटने त्याला सवलतीच्या परताव्याची चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, ही कंपनीची बाजू टिकली नाही. तो चॅटबॉट तर नुसता बोलत होता. त्याच्या हातात रिफंडचं टूल नव्हतं.