रडवणाऱ्या आख्यानात हशा कशासाठी?

मराठवाड्यातील अखंड हरिनाम सप्ताहात रात्रीच्या कीर्तनाला बसलेल्यांनी हे अनेकदा अनुभवले असेल. मुलीच्या लग्नासाठी सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याची कथा रंगते, बायाबापड्या डोळ्यांना पदर लावतात आणि तेवढ्यात महाराज त्याच लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा बुंदी मागणाऱ्या पाव्हण्याची नक्कल करतात. मांडवभर हशा उसळतो. थोड्याच वेळात तीच माणसे पुन्हा रडू लागतात. माझ्या मते, आधीपेक्षा अधिक मनापासून.

कथेतले संकट खरे नसले तरी ऐकणाऱ्याच्या शरीराला ते जाणवते आणि धास्तीने नाडी जलद होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिक्सन आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ६० जणांना आधी भीतीदायक चित्रफीत दाखवली आणि नंतर त्यांचे गट पाडून कोणाला गमतीची, कोणाला प्रसन्न, कोणाला दुःखी, तर कोणाला कोणतीच भावना न जागवणारी चित्रफीत दाखवली. गमतीची किंवा प्रसन्न चित्रफीत पाहणाऱ्यांचे हृदय आणि रक्ताभिसरण इतरांपेक्षा लवकर पूर्वपदावर आले. शिवाय विनोद कळण्यासाठी बुद्धीला विसंगतीचा मेळ घालावा लागतो आणि तेवढा वेळ दुःखाला मनात फारशी जागा उरत नाही.

मग हसल्यानंतरचे रडणे फिके का पडत नाही? मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमान यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार एका भावनेने चेतवलेले शरीर लगेच शांत होत नाही, तर उरलेली चेतना पुढच्या भावनेला बळ देते. म्हणूनच साध्या नकलेवरही करुण प्रसंगानंतर मोठा हशा पिकतो आणि त्या हशाची ऊब पुढच्या दुःखात उतरते. मांडवात सगळे एकत्र हसतात, हेही महत्त्वाचे आहे, कारण मित्रांसोबत हसल्यावर मेंदूत वेदनाशामक ओपिऑइड द्रव्ये स्रवतात, असे फिनलंडमधील संशोधकांना २०१७ मध्ये आढळले.

मात्र विनोद कथेच्या पोटातूनच यायला हवा. बाहेरून आणून चिकटवलेला चुटका रस मोडतो. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात हे किती नेमके ओळखले होते! त्यांच्या भारुडात विंचू चावलेला माणूस विव्हळतो, लोक पोट धरून हसतात, आणि हा विंचू म्हणजे काम-क्रोध असे कळताच हसणारा मांडव एकदम शांत होतो.