‘दूध पुरत नाहीये बहुतेक’

कबुतराच्या पिल्लाला बापही दूध पाजतो. अगदी दूध नव्हे, पण गळ्यातल्या पिशवीच्या अस्तरापासून तयार होणारा, प्रथिनं आणि स्निग्धांश यांनी भरलेला दाट पदार्थ. नर आणि मादी दोघांनाही तो येतो, दोघंही तो पिल्लाच्या चोचीत सोडतात. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात ‘प्रोलॅक्टिन’ या संप्रेरकाला नाव दिलं ते कबुतराच्या याच पिशवीवर प्रयोग करता करता. बाळंतिणीच्या छातीत दूध तयार करणारं संप्रेरकही तेच.

माणसाच्या बापाला मात्र ही सोय नाही. ‘अंगावर पाजणं हे तिचं काम, यात मी काय करणार?’ असं म्हणून तो एक पाऊल मागे सरकतो. त्याचं चुकतं कुठे, हे कळायला दूध बाहेर कसं येतं ते आधी बघावं लागेल.

दूध तयार होणं आणि दूध उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तयार करण्याचं काम प्रोलॅक्टिनचं. पण तयार झालेलं दूध बाळाच्या तोंडापर्यंत पोहोचवायला ऑक्सिटोसिन हे दुसरं संप्रेरक लागतं. त्याच्यामुळे दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीचे स्नायू आकसतात आणि पान्हा फुटतो. गाय बिथरली की ‘पान्हा चोरते’ असं आपण म्हणतो. माणसातही असं होतं का, हे मायकेल आणि नाइल्स न्यूटन या संशोधक दाम्पत्याने १९४८ साली तपासलं. पाजणाऱ्या आईचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, भराभर गणितं घालायची, चुकलं की विजेचा सौम्य झटका द्यायचा! (आजच्या कुठल्याही नैतिकता समितीने हे कागदावरच फाडलं असतं.) निवांत असताना बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळत होतं, या छळात ते ९९ ग्रॅमवर आलं. छळ तोच ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा १५३ ग्रॅम मिळालं. म्हणजे दूध आटलं नव्हतं, अडलं होतं. एवढ्या छोट्या प्रयोगावर फार मोठी इमारत उभी करू नये हे खरं. पण पुढे १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी रक्तातलं ऑक्सिटोसिन मोजलं, तेव्हा गोंगाट किंवा तोंडी हिशेबांचा ताण असताना त्याच्या लहरी कमी उठतात असंच दिसलं.

घरात कोणी बर्फाचं पाणी आणत नाही. तिथे असतं ते जागरण, टाक्यांचं दुखणं, दहा जणांचे दहा सल्ले आणि रडणारं बाळ. आणि मग कोणीतरी, बरेचदा काळजीपोटी बाबाच, ते वाक्य उच्चारतो: ‘दूध पुरत नाहीये बहुतेक.’

अंगावरचं दूध लवकर सुटण्यामागे जगभर वारंवार सांगितलं जाणारं कारण हेच आहे. खरोखर दूध कमी असणाऱ्या आया असतात, पण वाटतं त्याहून कमी. पहिल्या दोन-तीन दिवसांत फक्त चीक येतो, तोही थोडाथोडा, आणि निरोगी बाळाला सहसा तेवढा पुरतो. भरपूर दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरू लागतं. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिणं, संध्याकाळी तर तासातासाला मागणं, हे उपासमारीचं लक्षण नाही. हे ठाऊक नसलेला बाबा रात्री दोन वाजता मोठ्या मायेने म्हणतो, ‘तू झोप, मी बाटली देतो.’ इथेच गडबड होते. छाती जितकी रिकामी होते, त्या हिशेबाने पुढचं दूध तयार होतं. भरलेली राहिली तर निर्मिती मंदावते. बाटलीची ही मदत रोजची झाली की थोड्या दिवसांत दूध खरंच कमी पडू लागतं.

म्हणून इटलीतल्या नेपल्समध्ये झालेला, २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला सगळ्यात बोलका वाटतो. २८० जोडपी होती. स्तनपानाबद्दल मार्गदर्शन सगळ्याच आयांना मिळालं. फरक बाबांच्या बाबतीत केला: निम्म्यांना बाळाच्या देखभालीची सर्वसाधारण माहिती दिली, तर उरलेल्या निम्म्यांना सुमारे चाळीस मिनिटं बसवून दूध पाजताना नेमक्या काय अडचणी येतात आणि त्या कशा निस्तरायच्या, ते सांगितलं. सहा महिन्यांनी पूर्ण स्तनपान चालू होतं ते पहिल्या गटात १५ टक्के आणि दुसऱ्या गटात २५ टक्के बाळांचं. ‘दूध पुरत नाही’ असं वाटणाऱ्या आया पहिल्या गटात २७ टक्के, दुसऱ्यात ९ टक्क्यांहूनही कमी. अडचणी दोन्हीकडे आल्याच होत्या. मात्र अडचणी आलेल्या आयांपैकी सहा महिन्यांनंतरही पूर्ण स्तनपान देणाऱ्या एका बाजूला साडेचार टक्के होत्या, तर दुसऱ्या बाजूला २४. तेही चाळीस मिनिटांत, आणि आईला जादा काही न शिकवता.

बाबाचं मत बाळंतपणाआधीपासूनच वजन टाकत असतं. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात होणाऱ्या बाबांसाठी दोन तासांचा स्तनपानाचा वर्ग घेतला. त्यांच्या जोडीदारांपैकी ७४ टक्क्यांनी पाजायला सुरुवात केली. ज्यांचे बाबा नुसत्या बालसंगोपनाच्या वर्गाला बसले होते त्यांच्यात हे प्रमाण ४१ टक्के होतं. त्याआधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, तिथेच होणाऱ्या बाबांची मतं विचारली होती. बाळाला बाटली द्यायचं ठरवलेल्या घरांतल्या बाबांना स्तनपानाने छातीचा आकार बिघडतो, शरीरसंबंधांत अडथळा येतो, असं जास्त वाटत होतं. गंमत म्हणजे नवऱ्याचं मत काय असेल, याचा बायकांचा अंदाजही बरेचदा चुकला. हा विषय त्यांच्यात कधी निघालाच नसावा!

आणखी एक गोष्ट आहे, ती पुरुष सहसा बोलून दाखवत नाहीत. बाळ सतत आईच्या छातीशी, आपण बाहेरचे. १९९३ च्या एका अभ्यासात असं दिसलं की स्तनपान घेणाऱ्या बाळांचे काही बाबा बाळाशी नातं जोडणंच पुढे ढकलतात, दूध सुटलं की बघू म्हणून. त्याची खरं तर गरज नाही. ढेकर काढणं, अंघोळ, लंगोट, उघड्या छातीवर झोपवणं यातलं काहीच दुधावाचून अडत नाही. सिझेरियननंतर आई उपलब्ध नसताना बापाच्या उघड्या छातीवर ठेवलेली बाळं पाळण्यातल्या बाळांपेक्षा कमी रडली, असं स्वीडनमध्ये २००७ साली नोंदवलं गेलं. शिवाय बापाचं शरीरही बदलतं. फिलिपीन्समधल्या ६२४ पुरुषांच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बरंच उतरलेलं आढळलं. रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाचं करणाऱ्यांमध्ये ते आणखी कमी होतं.

उत्साहाच्या भरात मुकादम झालेला बाबाही पाहण्यात येतो. ‘सहा महिने फक्त अंगावरचं’ ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पाठ करून थकलेल्या बायकोच्या डोक्यावर बसणं हा ताणच आहे, आणि ताणाने काय होतं ते न्यूटन दाम्पत्याने दाखवलेलं आहेच. शरीर तिचं, निर्णयही तिचा. बोंडांना चिरा पडल्या, छातीत गाठ येऊन ताप भरला, तर उपदेश बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा.

मोजण्याचं आणि ते वहीत लिहून ठेवण्याचं काम मात्र बाबाने खुशाल घ्यावं. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक ओले लंगोट आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माच्या वजनावर परत आलेलं बाळ, म्हणजे दूध पुरतंय. याहून कमी भरलं तर वाट न बघता बाळाला दाखवायला न्यावं आणि जाताना ती वही बरोबर घ्यावी.